पेन्सिलीने लिहावे

सकाळी साडेसातला खोतीगावच्या नाक्यावर
शाबू वेळीपाने परवाना तीनदा वाचला,
घडी घालून मलाच परत दिला.
'प्रत्येक जातीचे वीस नमुने.' शिक्का. सही.
आणि एकविसावा? त्याने विचारले.
सोडायचा, मी म्हणाले.
बरे. पण ओळखायचा कसा, एकविसावा?

नोव्हेंबरात तळपण नदी गुडघ्याएवढी.
ठिकाण क्रमांक सात : कोंड, सावली, तळाशी गोटे.
जाळे कडेने ओढायचे, मुळांच्या झुपक्याखालून,
एक मिनिट, घड्याळ लावून,
मग पांढऱ्या ट्रेमध्ये उपडे करायचे.
आधी दिसतो नुसता पाचोळा,
किंदळीची कुजकी पाने,
खेकड्याचे एक रागावलेले पिल्लू.
मग काही करायचे नाही.
गाळ बसेपर्यंत ओणवे राहायचे
आणि कंबर मोडायच्या बेताला
पाचोळ्यातला एखादा ठिपका ठरवतो
की आपण ठिपका नाही.

पाणभुंगेरा. तिळाएवढा. पाठीवर दोन पिवळे पट्टे.
पंखांच्या झाकणाखाली खसखशीएवढी हवा घेऊन
हा तळाशी जातो,
संपत आली की वर येतो, शेपटाकडून पाणी टोचतो,
भरून घेतो, पुन्हा खाली.
काणकोणच्या बाजाराला निघताना
आई पदराच्या गाठीत एवढेच बांधायची,
परतीच्या बसपुरते.

वर, पाण्याच्या कातडीवर, भिरभिरे.
तीस? चाळीस? मोजू लागले की शंभर.
यांचे डोळे चार असतात, मी शाबूला सांगितले,
दोन पाण्याबाहेर, दोन पाण्यात,
आभाळ आणि तळ एकदमच दिसतात.
असा एक साहेब होता आमच्या खात्यात, तो म्हणाला,
आणि बराच वेळ हसला नाही.

तुम्ही काय म्हणता याला? तुमच्या वाड्यावर?
"नांव कित्याक? तो आपलो आसा."
मग पुढच्या खडकापर्यंत गेल्यावर, पाठमोराच :
लहानपणी पाणी पिताना फुंकर मारून
आम्ही यांना बाजूला करायचो.
नसले तर त्या कोंडीचे पाणी
प्यायचो नाही.

बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल.
बुडबुडा आधी सुटतो.
पाय नंतर.
चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, पाण्याची खोली,
गोळा करणाऱ्याचे नाव.
पेन्सिलीनेच लिहावे, शाई विरघळते.
म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी कपाट उघडले तर
भुंगेरा असेल, आणि त्याच्या पायाशी
माझे नाव, माझ्याच किरट्या अक्षरात.
नाव घातल्यावर झाकण मी जरा जास्तच घट्ट लावते.

ठिकाण क्रमांक आठ, पुलाखाली.
शाम्पूच्या पुड्या, बिअरचे एक बूच,
पाणी दिसायला सातपेक्षा स्वच्छ.
शून्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
एकदा ओढून भागत नाही,
दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मुळांतून, गोट्यांखालून,
आपलेच चुकत असेल असे धरून चौथ्यांदा.
शाबू काठावर उभा. काही बोलला नाही.
शून्यही पेन्सिलीनेच.

रात्री विश्रामगृहाच्या आवारात
जीपच्या टपावर टक् झाले.
पुन्हा टक्.
टॉर्च मारला. भुंगेरा, चांगला नखाएवढा,
रंगावर पाय घसरवत, पोहू पाहणारा.
कुठून उडाला कोण जाणे,
चांदण्यात ते धुतलेले टप
त्याला तळे वाटले असणार.
बुडी मारायचा, आपटायचा,
थोडा थांबायचा, परत बुडी.

मी तक्ता उघडला.
ठिकाण : जीप?
पाण्याची खोली?
पेन्सिल तशीच हातात.
तोवर शाबूने त्याला ओंजळीत उचलले होते,
नळाखालच्या बादलीपर्यंत नेले होते.
हा तुमचा एकविसावा, तो म्हणाला.

सकाळी बादलीत पाणी होते,
तोंड धुण्याआधी मी वाकून पाहिले,
आणि का कोण जाणे, एक फुंकर मारली.